प्रति कोणाला आणि प्रत कोणाला

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

विषय : ईमेलच्या ढिगातून आपल्या नावाचं पत्र शोधण्याबाबत

संपादक महाशय, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका ताईंचं पत्र छापून आलं होतं. त्यांनी रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल अकरा जणांना एकदम मेल टाकला आणि अकरापैकी एकानेही उत्तर दिलं नाही, सगळे झोपलेत का वगैरे. राग बरोबरच आहे ताईंचा. पण खोटं कशाला बोलू, त्या अकरातला एक मी असतो ना तर मीही उत्तर दिलं नसतं, कारण मला वाटलं असतं की बाकीचे दहा आहेत, देईल कोणीतरी. भागीचं घोडं किवणाने मेलं म्हणतात ते हेच. आणि दुसरं म्हणजे तो मेल मला दिसलाच नसता. ह्या दुसऱ्या कारणाबद्दलच लिहायचंय मला, कारण त्यात मी स्वतः चांगला तोंडावर आपटलोय.

मी सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसीत एका मध्यम साइजच्या कंपनीत कामाला आहे, वय ५७, पुढच्या वर्षी रिटायर. प्रेस पार्ट बनवतो आम्ही, ब्रॅकेट, क्लॅम्प, असलं काहीबाही. कस्टमरकडून जे काही येतं, शेड्यूल म्हणा, ड्रॉइंग म्हणा, शिव्या म्हणा, ते पहिलं माझ्याकडे येतं आणि मग मी पुढे ज्याचं त्याला देतो. म्हणजे पोस्टमनच समजा, फक्त खाकी ड्रेस नाही.

तर झालं असं, दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या आठवड्यात एका गुरुवारी संध्याकाळी पाच वाजायला दहा मिनिटं असताना कस्टमरच्या माणसाने एक मेल पाठवला, एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग बदललं होतं, होल साडेआठ एमएमचं होतं ते आठ पूर्णांक दोन करायचं होतं, आणि तो मेल त्याने फक्त मला पाठवला होता, टू मध्ये (ज्याला पाठवायचं त्याच्या रकान्यात) माझं एकट्याचं नाव, सीसीत (प्रतीच्या रकान्यात) कोणी नाही. आता हा माणूस काही वाईट नाही पण आळशी, नवीन मेल उघडून विषय लिहायचा कंटाळा, म्हणून त्याने महिनाभरापूर्वीचा एक जुना मेल काढला आणि त्यालाच रिप्लाय मारला. त्या जुन्या मेलचा विषय होता गाडी उशिरा आल्याबद्दल. त्या गाडीच्या भांडणात तेव्हा वीस-बावीस जण होते, रोज कोणीतरी कोणाला तरी उत्तर द्यायचं, मी ते बघणं कधीच सोडलं होतं. त्यामुळे त्या दिवशीही वर परत ती गाडी दिसली, म्हटलं मरू दे, आणि बस पकडायला निघून गेलो.

शुक्रवारी आणि शनिवारी मिळून बाराशे ब्रॅकेट निघाले, सगळे साडेआठचे.

एमआयडीसीत काम केलेला कोणीही सांगेल, होल लहान पडलं तर मोठं करता येतं, रीमर मारा, ड्रिल मारा, काहीतरी होतं. मोठं पडलेलं होल लहान करणारं मशीन अजून निघालं नाही. बाराशेच्या बाराशे भंगारात. वर डेबिट नोट, म्हणजे कस्टमरने आमच्या बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी, आली ती वेगळीच. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून मेलची प्रिंट समोर ठेवली, आणि माझ्या नावावर नुसतं बोट ठेवलं, बोलले काहीच नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं असं वाटलं तेव्हा.

आणि मला जास्त लागलं ते ह्यासाठी की मी ह्याच कंपनीत १९८९ साली लागलो तो आवक-जावकच्या टेबलावर. टपाल सॉर्ट करणं हेच तर माझं काम होतं! सकाळी साडेदहाला पोस्टमन यायचा, गठ्ठा ठेवायचा, मी एकेक पाकीट फोडून शिक्का मारायचो, आवक रजिस्टरमध्ये नंबर, तारीख, कोणाकडून, विषय, कोणाला दिलं, आणि शेवटच्या रकान्यात घेणाऱ्याची सही. ज्या पत्राला उत्तर द्यायचंय त्याच्यावर कोपऱ्यात लाल पेन्सिलीने गोल करायचो. नुसतं माहितीसाठी असेल तर गोल नाही. बस, एवढाच नियम होता, आणि एवढ्या एका नियमावर अख्खं ऑफिस चालायचं. एखादं पत्र हरवलं तर रजिस्टर काढायचं, सही दाखवायची, विषय संपला. चौतीस वर्षांत माझ्या हातून कागदाचं एक पत्र हरवलं नाही आणि मेल मात्र डोळ्यासमोर असून हरवला.

त्या काळात प्रत काढणं म्हणजे खर्च होता हो. आमच्याकडे गोदरेजचा टाइपरायटर होता, टायपिस्ट बाई कागद, कार्बन, कागद, कार्बन अशी चळत लावून रोलरमध्ये घालायच्या आणि ठोकून ठोकून टाइप करायच्या, वरचा कागद चांगला, दुसरा निळसर, चौथ्या-पाचव्यावर अक्षर नुसतं फुगलेलं दिसायचं, र आहे की ट आहे ते अंदाजाने वाचायचं. एक चूक झाली की पाचही कागदांवर खोडायचं. त्यामुळे कोणाला प्रत द्यायची ह्याचा विचार व्हायचा. सहावा माणूस यादीत घातला की बाई मान वर करून बघायच्या, आणि त्या बघण्यानेच सहावं नाव कटायचं. ईमेलमधलं सीसी म्हणजे कार्बन कॉपीच, नाव तेच राहिलं पण कार्बन गेला, बाईंचं ते बघणंही गेलं. आता नाव घालायला काही लागत नाही, दोन अक्षरं टाइप केली की पुढचं मशीनच सुचवतं, मग घाला सगळ्यांना.

बरं आपल्या मराठीत तर हे सगळं आधीपासून किती स्वच्छ होतं बघा. सरकारी पत्र काढा कुठलंही, वर डाव्या हाताला 'प्रति,' आणि खाली सहीनंतर 'प्रत माहितीस्तव'. प्रति म्हणजे ज्याने काम करायचं तो. प्रत म्हणजे ज्याने वाचून फाइलला लावायची तो. एका वेलांटीचा फरक आणि त्यात सगळं आलं. ईमेलवाल्यांनीही वेगळं काही केलेलं नाही, आमच्या मुलाने मला दाखवलं, मेलमध्ये कुठला रकाना कशासाठी हे १९८२ साली एका कागदात लिहून ठेवलंय, आरएफसी ८२२ म्हणतात त्याला, त्यात टू म्हणजे मुख्य घेणारे आणि सीसी म्हणजे दुय्यम, माहितीपुरते, असं चक्क लिहिलंय. पण तो कागद कोण वाचतंय.

ब्रॅकेटच्या प्रकरणानंतर मी एक दिवस जुन्या सवयीने वही घेऊन बसलो आणि दिवसभरात आलेले मेल मोजले. १७३ आले. त्यात टू मध्ये मी एकटा असे ९. टू मध्ये मी आणि आणखी लोक असे ३१. सीसीत मी असे १०४. उरलेले २९ ग्रुपच्या पत्त्यावर आलेले किंवा सिस्टिमने आपोआप पाठवलेले. म्हणजे लाल पेन्सिलीने गोल करण्यासारखे नऊ, फार तर त्या एकतीसमधले पाच-सहा, आणि ते शोधायला मी पावणेदोनशे उघडत होतो. आणि सगळे दिसायला सारखेच, एकाखाली एक, तेच काळे अक्षर.

आमच्याकडे सिन्नरची एक ट्रेनी मुलगी आहे, डिप्लोमा झालेली, ती चहाला आली होती माझ्या टेबलाशी. वहीतले आकडे बघून हसायला लागली. म्हणे, "काका, तुमचा इनबॉक्स म्हणजे दिवाळीतला सीबीएस स्टँड झालाय, आपली गाडी कुठली ते कंडक्टर ओरडल्याशिवाय कळायचं नाही." मी म्हटलं मग ओरडणारा कंडक्टर बसव. "बसवते की," म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. चहा निवायच्या आत झालंसुद्धा. तेच इथे लिहितो, कारण माझ्या वयाचे अनेकजण रोज हा त्रास काढतायत आणि हे बटण मेलच्या प्रोग्रॅममध्ये कित्येक वर्षांपासून आहे.

ज्यांच्याकडे ऑफिसात जुनं, कॉम्प्युटरवर बसवलेलं आउटलुक आहे त्यांनी वरती 'व्ह्यू' वर जायचं, तिथे 'व्ह्यू सेटिंग्ज', त्यात 'कंडिशनल फॉरमॅटिंग'. एक छोटी खिडकी उघडते. 'ॲड' दाबायचं, नियमाला नाव द्यायचं, मी 'लाल पेन्सिल' दिलंय. मग 'फॉन्ट' मध्ये जाऊन रंग लाल आणि साइज थोडी मोठी. आणि मग 'कंडिशन' दाबलं की आणखी एक खिडकी येते, त्यात 'व्हेअर आय ॲम' असा एक चौकोन आहे, त्यावर टिक करायची आणि बाजूच्या यादीतून 'द ओन्ली पर्सन ऑन द टू लाइन' निवडायचं, म्हणजे टू मध्ये मी एकटाच असेन तेव्हा. ओके, ओके, ओके करत बाहेर यायचं. झालं. त्याच यादीत आणखी दोन पर्याय आहेत, टू मध्ये इतर लोकांबरोबर, आणि सीसीत इतर लोकांबरोबर. पहिल्याला मी निळा दिला, दुसऱ्याला फिकट राखाडी. त्या कार्बनच्या चौथ्या प्रतीसारखा. हे मात्र मी माझं डोकं चालवलं, पोरीने नाही सांगितलं.

ते ओके केलं आणि स्क्रीनवर एकदम ते नऊ जे उठून दिसले ना, मला क्षणभर कसंतरीच झालं. पाठीमागे स्क्रोल करत गेलो तर तो गुरुवारचा ब्रॅकेटचा मेलही लाल होऊन बसला होता. दोन महिने उशिरा.

नवीन आउटलुक किंवा ब्राउझरमधलं असेल तर तिथे सेटिंग्ज, मग मेल, मग कंडिशनल फॉरमॅटिंग असं आहे, शब्द थोडे इकडेतिकडे पण कल्पना तीच. आणि काहीच सेट करायचं नसेल तर मेलच्या यादीच्या वर फिल्टरचं चिन्ह असतं त्यात 'टू मी' दाबा, तेवढ्यापुरते तुमच्या नावाचेच दिसतील. मी सकाळी आल्याआल्या ते दाबतो, रामरामासारखं.

आता एक सावधगिरीचं. मला हे इतकं आवडलं की मी जास्त शहाणपणा केला. आउटलुकमध्ये रंग देण्याशिवाय 'रूल्स' म्हणून वेगळा प्रकार आहे, त्यात मेल आला की आपोआप दुसऱ्या फोल्डरमध्ये ढकलता येतो. त्यात एक अट आहे, माझं नाव टू मध्ये नसेल तर. मी म्हटलं वा, आणि ते सगळे 'प्रत माहितीस्तव' नावाच्या फोल्डरमध्ये जाऊ दिले. पहिले चार दिवस इतकं शांत वाटलं की काय सांगू, गोदाघाटावर सकाळी सहाला गेल्यासारखं. मग पाचव्या दिवशी कॅन्टीनमध्ये कळलं की दुसऱ्या दिवशी ऑडिट आहे आणि ते मला सोडून सगळ्या कंपनीला माहिती. मेल आला होता ग्रुपच्या पत्त्यावर. ग्रुपच्या पत्त्यावर आलेल्या मेलमध्ये टू मध्ये ग्रुपचं नाव असतं, आपलं नसतं, मग तो रूल काय करणार, त्याने इमानदारीने उचलून फोल्डरमध्ये टाकला. तसंच बीसीसीचं, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या प्रतीचं, तुम्हाला कोणी बीसीसीत घातलं तर तुमचं नाव ना टू मध्ये ना सीसीत, मग मशीनच्या लेखी तो तुम्हाला नाहीच.

म्हणून माझं स्पष्ट मत झालंय, हलवू नका, रंगवा. हलवलेला मेल नजरेआड होतो आणि दृष्टीआड सृष्टी. रंगवलेला तिथेच राहतो, फिकट का होईना, येताजाता नजर पडते. ग्रुपसाठी एक वेगळा नियम करायचा, ग्रुपचा जो पत्ता आहे तो कंडिशनमधल्या 'सेंट टू' मध्ये लिहायचा आणि त्याला हिरवा द्यायचा. आणि नियमांचा क्रमही बघायचा, एकाच मेलला दोन नियम लागू पडत असले तर वरचा जिंकतो, 'मूव्ह अप' बटण आहे त्यासाठी. आणखी एक, जुन्या आउटलुकमध्ये हा रंग त्या फोल्डरपुरता असतो, माझ्या मोबाईलवर सगळे मेल अजून काळेच दिसतात. त्यामुळे बसमध्ये बसून मेल बघणं मी बंद केलंय, त्याचा फायदाच झाला, गरवारे पॉइंटपर्यंत एक डुलकी होते.

घरच्या जीमेलचं वेगळं आहे. तिथे सेटिंग्जचं चाक दाबून 'सी ऑल सेटिंग्ज', मग पहिल्याच 'जनरल' मध्ये बरंच खाली गेल्यावर 'पर्सनल लेव्हल इंडिकेटर्स' असं लांबलचक नाव आहे, ते 'शो' वर ठेवायचं आणि अगदी तळाला जाऊन 'सेव्ह चेंजेस' दाबायचं (हे विसरतात लोक, मी दोनदा विसरलो). मग मेलच्या शेजारी छोटे बाण येतात. एक बाण म्हणजे तुम्हाला आणि आणखी कोणाला, दोन बाण म्हणजे फक्त तुम्हाला. बाण कुठलाच नाही म्हणजे बहुतेक तुम्ही कुठल्यातरी ग्रुपच्या पत्त्यातून आलेले पाहुणे. दिसायला बारीक आहेत, चष्मा लागतो.

पण घरी ह्या बाणांचा ऑफिसइतका उपयोग होत नाही हे आधीच सांगून ठेवतो. कारण चादरी विकणारा, विमा विकणारा, प्लॉट विकणारा, हे सगळे मेल पाठवतात तेव्हा टू मध्ये फक्त तुमचाच पत्ता असतो, प्रत्येकाला वेगळा मेल जातो ना, मशीनने पाठवलेला. म्हणजे दोन बाण. मशीनला वाटतं किती प्रेमाने एकट्या काकांना लिहिलंय. तिथे उलटा नियम चालतो, म्हणजे आपलं नाव शोधायचं नाही, जाहिरातीची खूण शोधायची. असल्या मेलच्या तळाशी 'अनसबस्क्राइब' हा शब्द बहुतेक वेळा असतोच, आणि २०२४ पासून तर गूगल आणि याहू दोघांनी नियमच केलाय की ढिगाने मेल पाठवणाऱ्याने जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय ठेवलीच पाहिजे. तर सर्चच्या चौकटीच्या उजव्या टोकाला एक चिन्ह आहे ते दाबायचं, 'हॅज द वर्ड्स' मध्ये तो शब्द लिहायचा, 'क्रिएट फिल्टर' म्हणायचं आणि एक लेबल लावायचं, मी लेबलचं नाव 'बाजार' ठेवलंय. लेबलला रंगही देता येतो. डिलीट मात्र करू नका, कधीकधी बँकेच्या चांगल्या मेलच्या तळाशीही तो शब्द असतो. ज्यांचं उत्तर खरंच द्यायचं असतं, मुलीचं कॉलेज, आपला सीए, गावाकडचा चुलतभाऊ, त्यांचे पत्ते 'फ्रॉम' मध्ये घालून एक वेगळा फिल्टर, 'स्टार इट' आणि 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'. घरच्या मेलला एवढं पुरे.

हे सगळं झालं घेणाऱ्याचं. आता मूळ दुखण्यावर येतो, पाठवणाऱ्याच्या.

कारण रंगाचं गणित उभं आहे ते एकाच गोष्टीवर, पाठवणाऱ्याने नाव बरोबर रकान्यात घातलं की नाही. आमच्याकडे लाल-निळ्याची बातमी पसरली, चारपाच जणांनी आपापल्या मशीनवर करून घेतलं, आणि महिन्याभरात काय झालं माहितीय? लोकांना कळलं की काकांना लाल दिसायचं असेल तर टू मध्ये एकट्यालाच घालायचं. मग कॅन्टीनच्या मेन्यूसाठी एकट्याला, वाढदिवसाच्या केकच्या वर्गणीसाठी एकट्याला, लाल, लाल, लाल. आणि जे खरंच माझं एकट्याचं काम असतं त्यात मात्र सेफ्टी म्हणून साहेब टू मध्ये, साहेबांचे साहेब टू मध्ये, कस्टमर टू मध्ये. उद्या काही झालं तर 'मी सगळ्यांना कळवलं होतं' म्हणायला मोकळे. सगळ्यांना कळवणं म्हणजे कोणालाच न सांगणं, हे त्या ताईंच्या अकरा जणांवरून दिसतंच आहे. ताई, तुमच्या मेलमध्ये ज्या एका माणसाच्या हातात तो दिवा आहे त्याचा पत्ता टू मध्ये आणि बाकीचे दहा सीसीत घातले असते ना, तर निदान एकाच्या मशीनवर तो लाल पडला असता. आणि एकाला लाज वाटली असती.

आमच्या सोसायटीतही तेच. मी तिथला सेक्रेटरी, कोणी तयार नव्हतं म्हणून. आधीचे सेक्रेटरी टाकी धुण्याची सूचना पाठवायचे तेव्हा अठ्ठेचाळीस फ्लॅटचे अठ्ठेचाळीस पत्ते टू मध्ये. एकजण 'ओके' म्हणाला की सत्तेचाळीस जणांना ओके. एकाने विचारलं पाणी किती वाजता येणार, दुसऱ्याने विचारलं मागच्या वेळचा हिशोब कुठाय, तिसऱ्याने शेजाऱ्याच्या कुत्र्याचा विषय काढला, आणि टाकी राहिली बाजूला, जाहीर भांडण. वर प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाकडे गेला तो गेलाच. मी आता टू मध्ये सोसायटीचा स्वतःचा पत्ता घालतो आणि बाकी सगळे बीसीसीत, रिप्लाय ऑल मारला तरी तो माझ्याकडेच येतो. आणि ज्या एका माणसाने काही करायचंय, म्हणजे टाकीवाला, त्याला वेगळा मेल. खरं तर फोन. तो मेल बघत नाही.

ऑफिसात आम्ही त्या ट्रेनी मुलीच्या आग्रहाने आणखी एक चालू केलंय ते चांगलं आहे. आउटलुकमध्ये मेल लिहिताना मजकुरात @ टाकून लगेच नाव लिहिलं की ते नाव निळं होतं, तो माणूस आपोआप टू मध्ये जातो, आणि त्याच्या यादीत त्या मेलसमोर @ चं चिन्ह दिसतं. म्हणजे वीस जणांच्या मेलमध्येही 'हे तू कर' असं नाव घेऊन सांगता येतं. हे @ चिन्ह ईमेलमध्ये आणलं रे टॉमलिन्सन नावाच्या इंजिनिअरने, १९७१ साली, माणूस कोण आणि त्याचं मशीन कुठलं हे वेगळं करायला. बिचारा २०१६ साली गेला. त्याच्या त्या चिन्हावर पन्नास वर्षांनी आम्ही अंबडमध्ये ब्रॅकेटची होलं बरोबर पाडतोय.

आणि विषय बदला हो. नवीन गोष्ट असेल तर नवीन मेल, नवीन विषय. जुन्या मेलच्या शेपटीला नवीन ड्रॉइंग बांधू नका. ह्यावर अजून जास्त लिहिलं तर माझं ब्लडप्रेशर वाढतं.

एक गोष्ट मात्र मला अजून नीट पटवता आलेली नाही ती म्हणजे आमच्या साहेबांना. त्यांचं म्हणणं असं की सगळं सगळ्यांना माहिती पाहिजे, म्हणून सगळ्यांना टू मध्ये घाला, ज्याला हुशारी असेल तो शोधेल आपलं काम. मी त्यांना म्हटलं, साहेब, आपण नाशिकचे, गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण काय करतो? किती क्युसेक सोडलं हे टीव्हीवर सांगत असतात पण घरातला प्रत्येकजण एकच विचारतो, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलंय. कमरेला आलं म्हणजे गोदाघाटावरच्या टपऱ्या हलवायच्या, छातीला आलं म्हणजे सराफ बाजारातल्या माणसाने दुकानाकडे पळायचं, हे क्युसेकचं गणित न येणाऱ्यालाही कळतं. सगळी नदी मोजत बसायची नसते, एका मूर्तीकडे बघायचं असतं. साहेब म्हणाले, "ते ठीक आहे पण मूर्ती हलवली तर?" आणि हसले. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. घरी येताना बसमध्ये सुचलं की तेच तर मी म्हणतोय, कॅन्टीनचा मेन्यू एकट्याच्या नावाने पाठवणं म्हणजे मूर्ती हलवणंच झालं. दुसऱ्या दिवशी सांगायला गेलो तर साहेब मीटिंगला गेले होते. मग मेल केला. टू मध्ये त्यांचं एकट्याचं नाव घालून.

त्याला सहा दिवस झाले. उत्तर नाही. त्यांनी तो रंग लावलेला नसणार, दुसरं काय. शुक्रवारी त्या पोरीला चहाच्या निमित्ताने त्यांच्या केबिनमध्ये पाठवायचा विचार आहे.

पत्र फार लांबलं, तुम्ही कापणार हे माहिती आहे. कापाच, पण ते 'व्ह्यू', 'व्ह्यू सेटिंग्ज', 'कंडिशनल फॉरमॅटिंग' एवढं तरी ठेवा, क्रमाने, बाकी माझं रडगाणं गेलं तरी चालेल. आणि हा मेल तुमच्या एकाच पत्त्यावर पाठवतोय, तुमच्या जाहिरात विभागाला, पुरवणीला, पुण्याच्या ऑफिसला असं कुठेही नाही. तेव्हा मिळाला नाही असं म्हणू नका.

कळावे,

आपला नम्र,
एक वाचक, सिडको, नाशिक

प्रत माहितीस्तव : कोणालाही नाही